गुरुवारचा गालिचा

जिन्यात धपधप पावलं वाजली की टायपिंगच्या बाई दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहायच्या. बेल वाजेपर्यंत थांबायचा धीर त्यांना नसे. आधी वर यायचा तो वास, जुन्या लोकरीचा, कपाटात विसरलेल्या शालीसारखा. मग पैलवान दिसायचा. नावाचाच पैलवान, अंगानं बांबू. मग त्याच्या खांद्यावरची गुंडाळी, दोन पुरुष लांबीची, लिफ्टमध्ये न मावणारी. आणि सगळ्यात शेवटी, गुंडाळीचं शेपूट सांभाळत, रफूवाले मामा.

"बाई, घर घेताना चौथा मजला कशाला घेतलात?" पैलवान धापा टाकत म्हणायचा. "जरा आमचा विचार करायचा होता."

"तेव्हा तू रांगत होतास. कुणाला विचारणार?"

"मामांना विचारायचं. ते जन्मल्यापासून म्हातारेच आहेत."

मामा हसायचे नाहीत. चपला काढायचे, शर्टाच्या खिशातली सुयांची डबी चाचपायचे आणि कुठल्या खिडकीतून किती ऊन आत येतंय ते बघत हॉलभर नजर फिरवायचे.

हॉल मोठाच होता. एकतीस वर्षं तिथं बाईंचा टायपिंगचा वर्ग चालला. बारा यंत्रं, बारा खुर्च्या, सकाळी सातपासून संध्याकाळी आठपर्यंत नुसती टकटक. ओळ संपली की घंटी, घंटी वाजली की खर्रकन गाडी मागे. बाईंचे यजमान आतल्या खोलीत लघुलेखन शिकवायचे. त्यांना सगळे सर म्हणायचे, बाईही सरच म्हणायच्या. सर जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर विद्यार्थी आटत गेले. बाराचे पाच, पाचाचे दोन. शेवटी एकच मुलगी उरली. ती परीक्षा पास झाली आणि पेढ्यांऐवजी एक पेन देऊन गेली. यंत्रं भंगारवाल्यानं वजनावर नेली. एक तेवढं बाईंनी ठेवून घेतलं.

घर मोठं, माणूस एक. स्वयंपाकघरात झाकण पडलं तर त्याचा आवाज सगळ्या खोल्या हिंडून परत स्वयंपाकघरात यायचा, वाटेत कुणीच भेटलं नाही म्हणून.

मुलगी दूरदेशी. रविवारी फोन करायची. एका रविवारी तिनं विचारलं, "आई, तू विहिरीतून बोलतेयस का?"

"घरातूनच बोलतेय."

"केवढं घुमतंय! हॉलमध्ये काहीतरी अंथर ना. चांगला मोठा गालिचा घे. इराणी घे, जुना. एकदाच काय तो खर्च. आयुष्यभर टिकतो."

"कुणाच्या आयुष्यभर?" बाईंनी विचारलं. मुलगी हसली आणि मग दोघी वेगळंच काही बोलल्या.

पण बाई दुकानात गेल्या. बाजारातल्या मागच्या गल्लीत ते दुकान होतं. बाहेरून अरुंद, आतून बोगद्यासारखं. दोन्ही अंगांना गुंडाळ्या छतापर्यंत रचलेल्या. मालक चष्मा कपाळावर चढवून बसलेले. त्यांनी एकामागून एक चार गालिचे उलगडून दाखवले. बाई म्हणाल्या, सगळेच चांगले आहेत, काय करू?

"इथं ठरवूच नका," मालक म्हणाले. "दुकानातला दिवा खोटं बोलतो. शंभर-सव्वाशे वर्षांची वस्तू आहे, तिला घरच्या उन्हात बघावं लागतं. आठ दिवस घेऊन जा. सकाळी बघा, दुपारी बघा. पटला तर ठेवा, नाही तर माझी माणसं गुरुवारी येऊन नेतील. याचे वेगळे पैसे नसतात, धंद्याची रीतच आहे."

तसा पहिला गालिचा आला. बाईंना खरंच ठरवता आलं नाही. पुढच्या गुरुवारी तो गेला आणि दुसरा आला. गालिचा बदलायचा म्हणजे तास-दीड तासाचं काम. सोफा उचला, कपाट सरकवा, गुंडाळा, उलगडा, चारी कोपरे सरळ करा. पैलवान मोठ्यानं बोलत राहायचा, कपाटाखाली सापडलेल्या वस्तू एकेक करून बाईंपुढे ठेवायचा: पेन्सिल, बांगडी, सरांच्या सदऱ्याचं बटण. मग चहा. मामा बशीत ओतून प्यायचे आणि गालिच्याचा कोपरा उलटा करून त्याची पाठ बघत बसायचे.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी बाईंनी कपाटातली नीट इस्त्रीची साडी काढली, तेव्हा त्यांचं त्यांनाच जरा नवल वाटलं. त्यांनी ती परत ठेवली. मग परत काढली.

त्या दिवसापासून त्यांनी गालिच्यांत खोट काढायला सुरुवात केली. तोंडी नाही. तोंडी खोटं बोलणं त्यांना जमलं नसतं. उरलेल्या एका यंत्रावर त्या पत्र टाइप करायच्या, समास सोडून, खाली कार्बन घालून. "विषय: गालिचा परत घेणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर गालिचा सकाळच्या उजेडात अंमळ गडद भासतो. तरी तो परत घेऊन दुसरा पाठविण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती." पत्राची घडी मामांच्या हातात. मामा ती सुयांच्या डबीमागे खिशात ठेवायचे. एकाची किनार रुंद, एकाचा तांबडा डोळ्यांत खुपणारा, एकाची फुलं फार दाट. कारणं सापडत गेली. शोधणाऱ्याला कारणांना काय तोटा!

मधले सात दिवस बाई गालिच्याच्या कडेकडेनं चालायच्या. परक्याची वस्तू, उगाच पाय कशाला द्यायचा. हॉल ओलांडायचा तर भिंतीला धरून, वळसा घालून. सात दिवस गालिचा मधोमध पडलेला असायचा आणि बाई त्याच्या भोवती, जशी होडी बेटाभोवती. मग गुरुवार यायचा.

सातव्या गुरुवारी जिन्यात पावलं वाजली ती हलकी होती.

बाई दारात उभ्या होत्या. पैलवान वर आला, खांदा मोकळा. मामा आले, मान खाली. त्यांच्या मागे चष्मा कपाळावर चढवून, कठड्याला धरत, मालक.

"नवीन कुठाय?" बाईंनी विचारलं.

"बसून बोलू," मालक म्हणाले.

बसायला जागा होती, पण मालक बसले नाहीत. आठ दिवसांपूर्वी आलेला सहावा गालिचा हॉलभर पसरला होता. निळ्या जमिनीवर तांबड्या वेली, मधोमध मोठं कमळासारखं फूल. त्यांनी हात पुढे केला. "आजचं पत्र झालं असेल ना टाइप? द्या."

बाईंनी दिलं. मालकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मोठ्यानं वाचलं: "'सदर गालिचा अतिशय फिकट असल्याने हॉल उदास दिसतो.'" मग त्यांनी खिशातून दुसरं पत्र काढलं. "हे तुमचं तिसऱ्या गालिच्याचं. 'सदर गालिचा सकाळच्या उजेडात अंमळ गडद भासतो.' बाई, तिसरा आणि सहावा एकच गालिचा आहे."

बाईंनी गालिच्याकडे बघितलं.

"फक्त उलट्या दिशेनं घातलाय. गालिच्याला लव असते, मांजराच्या पाठीसारखी, एका अंगाला कललेली. लवेच्या बाजूनं बघितलं की रंग फिकट, उलट बाजूनं बघितलं की गडद. तुम्ही दारातून बघता. मागच्या वेळी त्याचं डोकं खिडकीकडे होतं, या वेळी दाराकडे आहे. या, तिकडून बघा."

बाई भिंतीकडेनं चालत खिडकीपाशी गेल्या. तिथून गालिचा खोल, रात्रीच्या पाण्यासारखा निळा दिसत होता. तोच गालिचा, तेच फूल. तीन आठवड्यांपूर्वी पाचच हातांवर पडला होता, आणि त्यांना तो ओळखू आला नव्हता. एकतीस वर्षं ज्यांनी मुलांच्या कागदांवरचा चुकलेला स्वल्पविराम लांबून हेरला, त्या बाईंना! त्यांचे कान तापले.

"कुणी सुचवलं हे?" त्यांनी विचारलं.

मालकांनी मामांकडे बघितलं. मामा जमिनीकडे बघत होते.

"मीच बोललो मालकांना," मामा म्हणाले. "बाई, गालिच्यावरून चाललं की लव दबते, पावलं दिसतात. आम्ही दर गुरुवारी गुंडाळायला वाकतो तेव्हा लव जशीच्या तशी. एकही पाऊल नाही. एकावरही नाही. मला वाटलं, यांना गालिचा बघायचाच नाहीये." थोडं थांबून ते म्हणाले, "याची रफू करत मी अकरा महिने बसलोय. जरा लागलं मला."

रस्त्यावर कुठंतरी कुणीतरी लोखंडी दार ओढून बंद केलं.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "मला गालिचा नकोच होता. आधी पाहिजे होता, खरंच. मग नको झाला. तुम्ही लोक येता, कपाट हलवता, हा पैलवान बडबड करतो. माझ्याकडे दुसरं कुणी येत नाही. पेपरवाला पेपर दाराला अडकवून जातो. दूधवाला पिशवी. म्हणून."

पैलवाननं छताकडे बघितलं. मालकांनी चष्मा पुन्हा कपाळावर सारला, पुन्हा खाली घेतला. ओरडायला म्हणून चार जिने चढून आलेला माणूस. आता ओरडणं कुठं ठेवावं ते त्यांना सुचेना.

"बाई, मी समजू शकतो," ते शेवटी म्हणाले. "पण ही जुनी जनावरं आहेत. दर आठवड्याला जिना चढवून-उतरवून त्यांच्या कडा फाटतात. आणि याला गिऱ्हाईक आहे. मोठ्या बंगल्यातलं आहे, उद्या उत्तर मागतंय. आज मला तुमचं हो किंवा नाही पाहिजे. यापुढे बघायला म्हणून काही पाठवता येणार नाही."

म्हणजे नाही म्हटलं तर आज गालिचा जाणार, आणि माणसंही. हो म्हटलं तर गालिचा राहणार, आणि माणसं तरीही जाणार. कुठूनही मोजा, गुरुवार उरत नव्हता.

"मालक," पैलवान म्हणाला, "चहा तरी होऊ द्या. चार जिने फुकट चढवलेत मला. रिकाम्या खांद्यानं चढायची सवय नाही, तोल जातो."

बाई आत गेल्या. आधण ठेवलं, साखर घातली. घातली की नाही ते आठवेना म्हणून चव बघितली, जीभ भाजली. चार कप भरून त्या बाहेर आल्या तेव्हा मामा गालिच्याच्या खिडकीकडच्या टोकाशी गुडघ्यांवर बसले होते, तिकडचा अर्धा गालिचा उलटा दुमडून.

"या इकडे," ते म्हणाले. "घेऊ नका, पण बघून तरी ठेवा."

बाईंनी ट्रे खाली ठेवला आणि बसल्या. गुडघे करकरले. मामांनी त्यांचं बोट धरून गालिच्याच्या पाठीवर ठेवलं. पाठीला दाण्यादाण्यांच्या ओळी होत्या, बारीक, हजारोंनी.

"या गाठी. मोठ्या गालिच्याला एका फळीवर तिघी-चौघी शेजारी-शेजारी बसून विणायच्या. प्रत्येकीचा हात वेगळा. ही डावीकडची, बोट फिरवा, घट्ट बांधायची. मधली सैल. उजवीकडची त्याहून सैल, पण तिची ओळ सरळ. सुरुवातीपासून इथपर्यंत तिघींचे हात. लागतंय?"

बाईंनी डोळे मिटले. बोटाला ओळखू येत होतं. कुणाचा कागद आहे ते त्या नाव न बघता सांगायच्या. कुणाची करंगळी दुबळी, कुणाचा अंगठा जड, ते अक्षराच्या ठशावरून कळायचं. इथंही तसंच होतं.

"आता पुढे या. इथून मधली नाही. दोघीच. आणि इथून पुढे," मामांनी त्यांचा हात सरकवला, "ही शेवटची दोन हात लांबी. बघा."

एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळ्या गाठी घट्ट होत्या.

"डावीकडची," बाई म्हणाल्या.

"तीच. एकटी. इकडून सुरू करून तिकडे सरकत जायची, परत इकडे यायची. असं मला वाटतं, खरं-खोटं ती जाणे. याच भागात काही ठिकाणी झिजला होता, तेवढं मी तिच्या गाठीसारखी गाठ घालून विणलं."

"बाकीच्या दोघी कुठं गेल्या?"

"ते गाठ सांगत नाही."

"मग हिनं सोडून का नाही दिलं?"

मामांनी जरा विचार केला. "अर्धा गालिचा मागावरून उतरवून करायचं काय? आणि बसून-बसून तिला फळीची सवय झाली असेल. दुसरं काय?"

बाई तशाच बसून राहिल्या. चहावर साय धरली. पैलवाननं स्वतःचा कप उचलला, मग मालकांचाही त्यांच्या हातात दिला. बराच वेळ कुणी घाई केली नाही.

मामांनी दुमडलेला गालिचा परत पसरला. मग बाईंनी जमिनीला हात टेकून स्वतःला उठवलं, सपाता काढून ठेवल्या आणि खिडकीपासून दारापर्यंत गालिच्याच्या मधून चालत गेल्या. कमळावर पाय पडला तेव्हा थोड्या अडखळल्या. दाराशी पोचून त्यांनी मागे वळून बघितलं. लवेत पावलं उमटली होती, एकामागून एक, थोडी वाकडी.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

"बाई, लाजेपोटी घेऊ नका," मालक म्हणाले. "मी असा माल विकत नाही."

"लाज वाटतेय ती वाटतेच आहे. पण घेतेय म्हणून घेतेय. बंगलेवाल्यांना नाही म्हणून कळवा."

ठेव मोडायला, चेक लिहायला, मालकांनी जाडसर कागदावर पावती करायला दोन-तीन दिवस गेले. ती कामं दुकानातच झाली. गालिचा तर घरात होताच, त्यामुळे घरी कुणाला यावं लागलं नाही.

पुढच्या गुरुवारी बाई अकरा वाजता उंबऱ्यात गेल्या नाहीत. खिडकीपाशी बसल्या. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. एक चादर, दुसरी चादर, चिमटे. साडेबारा झाले. बाई उठून हॉलमधून चालत गेल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांना आपली पावलं ऐकू येत नव्हती. उघड्या फरशीवर चपलेचा चटचट आवाज व्हायचा आणि भिंत तो परत करायची. आपल्या मागून कुणीतरी येतंय असं वाटायचं, इतकी वर्षं. आता गालिचा सगळं गिळत होता. त्यांनी हाक मारून बघितली, "सर." हाक तिथंच खाली पडली.

रविवारी मुलगी म्हणाली, "आई, किती छान! आता कुठं तू घरात असल्यासारखी वाटतेस."

"हो ना," बाई म्हणाल्या.

"फोटोत रंग काय सुंदर दिसतोय गं! निळाच आहे ना?"

"बसशील तिथून ठरतं ते."

असे पाच आठवडे गेले. बाई रोज गालिच्यावर चालल्या, कधी मुद्दाम. दुपारी त्या खाली बसायच्या आणि एकेक वेल डोळ्यांनी वाचत जायच्या, डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की पुढची. एका फुलाला पाच पाकळ्या होत्या, बाकी सगळ्यांना सहा. एका पक्ष्याला पायच नव्हते. चुका सापडल्या की त्यांना बरं वाटायचं, पण सांगायला कुणी नव्हतं, आणि फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. संध्याकाळी खिडकीतलं ऊन गेलं की गालिचा काळा व्हायचा आणि हॉलची लांबी कळेनाशी व्हायची. तेव्हा त्या दिवा लावायच्या, आणि तो दिवाही थोडं खोटं बोलायचा.

मग एका सोमवारी दुपारी बेल वाजली.

जिन्यात पावलं वाजली नव्हती; किंवा वाजली असतील, बाईंनी कान लावायचं सोडलं होतं. दारात रफूवाले मामा होते. एकटेच. सदरा धुतलेला, केस ओले करून बसवलेले.

"मालकांनी पाठवलं," ते म्हणाले. "म्हणाले, खिडकीकडच्या कडेचा एक धागा सैल वाटत होता. बघून या."

सोमवारी दुकान बंद असतं. पावतीवरच छापलेलं होतं. बाई मामांकडे बघत राहिल्या. मामा डबी चाचपत होते आणि बाईंच्या खांद्यावरून आत, गालिच्याकडे बघत होते. त्यांनी चपला अजून काढल्या नव्हत्या.

"या," बाई म्हणाल्या.

मामा आत आले. गालिच्याच्या कडेशी जरा थबकले. लवेवर सगळीकडे पावलं होती, आडवी, उभी, एकमेकींना छेदणारी. त्यांनी ती नीट बघितली. मग खिडकीशी जाऊन गुडघ्यांवर बसले, चष्मा लावला आणि कड बोटांत धरून इंच-इंच पुढे सरकू लागले. बाई चहा टाकून आल्या आणि शेजारी बसल्या.

कड अगदी घट्ट होती. बाईंनी ती परवाच सगळी हातानं तपासली होती.

"सापडला का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"त्या कोपऱ्यात असेल."

"असेल."

"पैलवान कसा आहे?"

"बडबडतोय. जिने नसले की त्याला करमत नाही."

मामा कोपऱ्यापर्यंत पोचले. तिथं कड संपत होती. त्यांनी हात थांबवला, वर बघितलं नाही.

"मला वाटतं, दुसऱ्या बाजूची कडही एकदा बघून घ्यावी," बाई म्हणाल्या. "ती तर कुणी बघितलेलीच नाही."

"हो," मामा म्हणाले, "ती राहिलीच की." आणि ते हळूहळू उठून, गालिच्याच्या मधून चालत, पलीकडे गेले.